रिकामी पाकिटं

माझा आवाज मोठा आहे. येवल्याच्या विणकराच्या घरात जन्मलेल्या माणसाचा असतोच. दिवसभर घरात दोन-दोन हातमाग खटखटत असताना हळू बोलून भागत नाही. आमटीत मीठ कमी आहे एवढं सांगायलासुद्धा ओरडावं लागतं. त्या घरातून मी दोन गोष्टी घेऊन नाशिकला नर्सिंगला आले, एक हा आवाज आणि दुसरी मोजायची खोड. वडील पैठणीच्या पदराचे धागे मोजायचे, एक चुकला तर मोराची मान वाकडी होते म्हणायचे. मीही तशीच. कापसाचे बोळे असोत की इंजेक्शनच्या सुया, मोजून झालं की माझा जीव थंड व्हायचा.

नव्वदच्या दशकात मी ज्या हॉस्पिटलात लागले ते सीबीएस बसस्टँडपासून रिक्षानं दहा मिनिटांवर होतं. कॅन्सरचा विभाग नवा होता. तो शब्द मात्र कुणी तोंडातून काढत नसे. पेशंट 'गाठ' म्हणायचे, नातेवाईक 'तसलं काहीतरी' म्हणायचे आणि आम्ही केसपेपरवर इंग्रजीत लिहून मोकळ्या व्हायचो. छातीतल्या गाठीच्या बायका पेठहून यायच्या, सायखेड्याहून यायच्या, पार सटाण्याकडून यायच्या, आणि बहुतेक उशिराच यायच्या. ऑपरेशन व्हायचं, विजेचा शेक म्हणजे रेडिएशन व्हायचं, आणि बाई एकदा घरी गेली की गेली. परत आली तर रोग परत आला म्हणूनच यायची.

आमचे मोठे डॉक्टर शांत माणूस. माझ्या अगदी उलट. ते मला चिडवायचे, "सिस्टर, तुमचा आवाज ऐकून निम्म्या गाठी घाबरूनच विरत असतील." एकदा ते मुंबईच्या परिषदेहून आले आणि आम्हा सगळ्यांना बसवून त्यांनी समजावून सांगितलं. काही गाठी बाईच्या अंगातल्या स्त्रीपणाच्या रसावर वाढतात. अशा बायकांनी ऑपरेशननंतर एक छोटी गोळी रोज घेतली, तर रोग परतण्याची भीती पुष्कळ कमी होते. गोळी जुनीच होती, आम्ही देतही होतो. पण ती किती दिवस घ्यायची यावर जगभर काम झालं होतं आणि उत्तर आलं होतं, पाच वर्षं, एकही दिवस न चुकवता. डॉक्टर म्हणाले, संशोधन करणाऱ्यांनी त्यांचं काम केलंय, आता ती गोळी बाईच्या पोटात जाते की नाही हे बघायचं काम आपलं.

आता मला सांगा, काही दुखत नाही, खुपत नाही, अशी कोण बाई पाच वर्षं रोज गोळी घेणार? आमच्याकडे ताप उतरला की उरलेल्या गोळ्या देव्हाऱ्याच्या खणात जातात. म्हणून मी एक युक्ती काढली. गोळ्या हॉस्पिटलच्या निधीतून फुकट मिळायच्या. दर तीन महिन्यांनी नऊ पाकिटं द्यायची, दहा-दहा गोळ्यांची. पुढच्या खेपेला तीच नऊ पाकिटं रिकामी करून आणायची, माझ्या टेबलावर ठेवायची, मी मोजणार, आणि मगच नवी मिळणार. डॉक्टरांना ही युक्ती फारच आवडली. त्यांनी मला कोपऱ्यात एक टेबल दिलं, एक वही दिली, आणि समोर बायकांसाठी बाक टाकला.

त्या पाकिटांना वास असायचा. कुणाच्या पाकिटाला मिश्रीचा, कुणाच्या हळदीचा, कुणाच्या धुराचा. बाई तोंड उघडायच्या आधी मला कळायचं, ही गोळ्या चुलीवरच्या फळीवर ठेवते की पेटीत. घोटीच्या बाईंच्या पाकिटांना भाताच्या कोंड्याचा वास यायचा.

त्यांचं गाव घोटीच्या पुढे, भातशेतीचं. वय चाळिशी उलटलेलं, नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण. डाव्या बाजूचा स्तन काढला तेव्हा नवरा सोबत आला होता, पुढे त्या एसटीनं एकट्याच यायला लागल्या. पिशवीत डबा आणि पाकिटं. बाकावर बसल्या की शेजारणीशी बोलायच्या पण माझ्यासमोर उभ्या राहिल्या की गप्प. मला त्याचं काही वाटायचं नाही. माझ्यासमोर बहुतेक जणी गप्पच असायच्या.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांच्या पाकिटांत अकरा गोळ्या शिल्लक निघाल्या. एक आख्खं पाकीट आणि वर एक. झालं, माझं डोकं सटकलं. बाक बायकांनी भरलेला. मी त्या सगळ्यांसमोर त्यांना धारेवर धरलं. म्हटलं, अकरा दिवस काय उपास होता का? आम्ही इथं मरमर मरतो, डॉक्टर एवढं शिकून आलेत, आणि तुम्हाला साधी गोळी गिळता येत नाही? रोग परत आला तर रडत इथंच याल ना? मी बोलत गेले. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या तर तेव्हा तोंडाला दारच नव्हतं.

त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "सिस्टरबाई, एकीची गोळी दुसरीला चालती का?"

मी म्हणाले, "गोळी म्हणजे काय सत्यनारायणाचा प्रसाद आहे, गावभर वाटायला?"

अख्खा बाक हसला. मीही हसले. त्यासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या, आणि नवी पाकिटं पिशवीत घालून गेल्या.

त्या दिवसानंतर त्यांची पाकिटं कधी चुकली नाहीत. नऊ दिली की नऊ रिकामी परत. एक गोळी इकडची तिकडे नाही. वर्ष झालं, दोन झाली, तीन होत आली. नव्या बायकांना मी त्यांचंच उदाहरण द्यायचे. बघा म्हणायचे, घोटीहून दोन तास एसटीनं येतात, शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, पण नेम म्हणजे नेम. दिवाळीनंतर त्या माझ्यासाठी नव्या इंद्रायणी तांदळाची पुरचुंडी आणायच्या. मी आधी नको म्हणायचे आणि मग घ्यायचे. डॉक्टर एकदा माझी वही एका बैठकीला घेऊन गेले आणि तिथल्या लोकांना दाखवून आले. मी आठवडाभर हवेत होते, खोटं कशाला सांगू.

चौथ्या वर्षी पावसाळ्यात त्या आल्या त्या कमरेवर हात धरून. आवणीत भाताची रोपं लावताना वाकून वाकून धरली असेल म्हणाल्या. डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितले. रोग पाठीच्या मणक्यांत उतरला होता.

मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. एकही दिवस चुकलेला नाही, म्हटलं, हे बघा. डॉक्टरांनी वही पहिल्या पानापासून चाळली. मग म्हणाले, काही जणींना गोळी पुरत नाही, सिस्टर. आपण आपल्याकडून सगळं केलं. मी ते मानलं. मानायला बरं वाटलं.

मणक्यांना शेक द्यायचा म्हणून त्यांना भरती केलं. सोबतीला त्यांची धाकटी जाऊ आली. तिशी-बत्तिशीची, सडसडीत, कामाला वाघ. मोठीला उठवायची, पुसायची, भरवायची, वर वॉर्डातल्या दुसऱ्या म्हाताऱ्यांनाही पाणी द्यायची. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांत सलत होती. एवढ्या उकाड्यात ती पदर छातीवरून घट्ट आवळून खोचायची, आणि बादली कितीही जड असली तरी उजव्याच हातानं उचलायची. तिसऱ्या दिवशी ती माझ्या जवळून गेली आणि मला वास आला. हा कोंड्याचा वास नव्हता. हे काम करणाऱ्या कुठल्याही नर्सला तो वास झोपेतसुद्धा ओळखता येतो.

मी तिला हाताला धरून ड्रेसिंगच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. ती पदर सोडेना. मग सोडला. डाव्या स्तनात लिंबापेक्षा मोठी गाठ होती आणि एका जागी कातडी फुटून वाहत होती. वर जुन्या धुतलेल्या साडीची चिंधी बांधलेली.

माझा आवाज चढलाच. किती दिवस झाले, म्हटलं. तिला वाटलं मी औषधाबद्दल रागावतेय. ती घाईघाईनं म्हणाली, "चार वरीस झाली. पण औषध चालू हाय."

"कुठलं औषध?"

"तुमचंच. जाऊबाईंचं. येक दिस त्यांची, येक दिस माझी."

मी तिथल्या स्टुलावर बसले. खोलीत ड्रेसिंगचा ट्रे होता, त्यातले चिमटे मी मोजायला लागले. ती उभ्या उभ्या पदर सावरत होती आणि माझं तोंड बघत होती, आता ही बाई काय करणार म्हणून.

नंतर मोठीच्या खाटेशी बसून मी सगळं ऐकून घेतलं. तिचं ऑपरेशन होऊन दोन-तीन महिने झाले होते, तेव्हा धाकटीला गाठ लागली. धाकटीच्या मांडीवर अंगावर पिणारं पोर होतं. तिनं मोठीचा ओला व्रण पाहिला होता आणि सुरीचं नाव काढलं तरी ती थरथरायची. सासू म्हणाली, एका घरात दोघींना झालं हे गावाला कळलं तर ह्या घरातल्या पोरी कुणी करून घेणार नाही. तेव्हा बोलायचं नाही असं ठरलं. पुरुषांना तर सांगितलंच नाही. मोठीला मोठ्या डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं की ही गोळी गाठ येऊ देत नाही. मग तिनं तिच्या डोक्यानं हिशेब केला. माझी गाठ तर काढली. हिची आत आहे. माझ्यापेक्षा हिलाच गोळी जास्त हवी. पण आपली सगळी द्यायची तर सिस्टरबाईंनी जीव तोडून सांगितलंय. म्हणून एक दिवस एकीनं, एक दिवस दुसरीनं.

त्या घरात सगळं तसंच होतं. एक लोखंडी पेटी दोघींची, एक चांगलं लुगडं दोघींचं, ज्या जावेला बाजारला जायचं ती ते नेसायची. एका घरात दोघींना एकच दुखणं आणि औषध एकीलाच, हे मला गिळवेना, असं ती म्हणाली.

मी विचारलं, अहो, पण मला का नाही सांगितलंत?

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, असता तर फार बरं झालं असतं. ती म्हणाली, "इचारलं व्हतं, सिस्टरबाई. तुम्ही हसलात."

त्या अकरा गोळ्या मला तेव्हा आठवल्या. ती विसरलेली नव्हती. त्या गोळ्या तिनं बाजूला काढून ठेवल्या होत्या, धाकटीला द्यायच्या का नाही हे आधी मला विचारायचं म्हणून. विचारल्याशिवाय तिनं एक गोळीही दिली नव्हती. ती मला विचारायला घोटीहून आली होती, आणि मी तिला बाकासमोर प्रसाद वाटला. त्या दिवशी मी नुसतं दार लावून, कोण दुसरी, असं विचारलं असतं, तर धाकटी तीन वर्षं आधी ऑपरेशनच्या टेबलावर असती आणि मोठीला तिची गोळी रोज मिळाली असती. एवढे दोनच शब्द लागत होते.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते रागावतील, मी त्याची वाटच बघत होते. ते रागावले नाहीत. त्यांनी ती वही उघडली, बंद केली आणि म्हणाले, "आपण पाकिटं मोजली, सिस्टर." मोठी रोज गोळी घेत असती तर वाचली असती का, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही, रोज घेणाऱ्या काही जणींचाही रोग परततो. आणि निम्म्या गोळ्यांनी धाकटीची गाठ थोडी थोपवून धरली असेल का? तेही सांगता येणार नाही म्हणाले, कारण असा प्रयोग जगात कुणी करत नाही. मी त्यातून स्वतःसाठी सुटका शोधत होते. ती मिळाली नाही, आणि आता वाटतं, नाही मिळाली तेच ठीक झालं.

धाकटीची तपासणी झाली. गाठ मोठीच्याच जातीची निघाली, पण रोग अजून छातीच्या आणि काखेच्या बाहेर गेलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, नशीब थोर आहे. तेव्हा नवीन पद्धत आमच्याकडे सुरू झाली होती, आधी सलाईनमधून औषध देऊन गाठ लहान करायची आणि मग ऑपरेशन. पण ऑपरेशन म्हटलं की धाकटी भिंतीला टेकायची आणि मान हलवायची. मरते म्हणायची, पण कापून घेत नाही. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, नवऱ्याला बोलावून त्यानं सांगून पाहिलं. मी काहीच बोलले नाही. माझी हिंमत नव्हती.

शेवटी मोठीनं तिला खाटेजवळ बोलावलं. मला पडदा ओढायला लावला. मग एका हातानं चोळीच्या गाठी सोडल्या आणि छातीवरचा व्रण उघडा केला. चार वर्षांत तो पांढरा पडून सपाट झाला होता. धाकटीनं तो ओला असताना पाहिला होता, नंतर कधी बघायची तिची छाती झाली नव्हती. मोठीनं तिचा हात धरून व्रणावर ठेवला. "बघ, दुखतं का मला? ह्याच हातानं चार आवण्या केल्या. तुझ्यापुढं राह्यले का मागं?" धाकटी रडायला लागली. मोठी तिला रडू देत पडून राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, हिला रागावू नका, सिस्टरबाई, ही भित्री हाय, रागावलं की खोटं बोलती.

मी हो म्हणाले. पडद्याच्या आत आम्ही तिघीच होतो, आणि मी तोंड फिरवून रडून घेतलं.

धाकटीची गाठ औषधानं बरीच आक्रसली. हिवाळ्यात ऑपरेशन झालं. शेक संपून घरी गेलेली मोठी त्या दिवशी आली होती, दोन माणसांनी धरून आणली होती, आणि ऑपरेशनच्या दाराबाहेर बाकावर आडवी होऊन राहिली. आत सगळं ठीक झालं हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं माझा हात हातात घेतला. होळीच्या आधी ती गेली. घरीच गेली. धाकटी शेक घ्यायला आली तेव्हा तिनं सांगितलं. दहाव्याला दोघींचं ते एक लुगडं नदीवर कुणाला तरी देऊन टाकलं म्हणाली.

त्या वर्षी मी टेबल बदललं. बाकासमोरून उचलून आत एका छोट्या खोलीत नेलं, दाराला आतून कडी असलेल्या. पाकिटं आजही मोजायला हवीत, मी मोजणं सोडलं नाही. पण आधी बाईला बसवायचं, पाणी द्यायचं आणि विचारायचं की घरात आणखी कुणाला असं आहे का, गोळी कुणाला द्यावीशी वाटते का. तुम्हाला खोटं वाटेल, पण हो म्हणणाऱ्या निघाल्या. कुणी नणंदेला देत होती, एकीनं विहिणीला दिली होती. मोठ्या डॉक्टरांनी नंतर नव्याने येणाऱ्या डॉक्टरांना हा प्रश्न केसपेपरवरच छापून दिला. आवाज कमी करायला मला फार वेळ लागला. घरात माझा नवरा अजून म्हणतो की तो हॉस्पिटलातच कमी झाला, इथं नाही.

धाकटी पाच वर्षं दर तीन महिन्यांनी आली. कोंड्याचा वास असलेली पाकिटं, नऊची नऊ. मी तिला एकदाही रागावले नाही. रागावण्यासारखं तिनं काही केलंही नाही. तिची मुलगी तोवर कॉलेजात गेली होती, पोरगा पाचवीत होता.

शेवटच्या खेपेला मी तिचं कार्ड पुढे ओढलं, शेवटच्या चौकोनात खूण केली आणि म्हणाले, झालं, पाच वर्षं पूर्ण, आता ही गोळी बंद. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती बसूनच राहिली. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. दार लावलेलं होतं, बाहेर बायकांचा आवाज येत होता.

मग तिनं विचारलं, "ह्यात जाऊबाईंच्या गोळ्या धरल्या का सोडल्या?"

मी म्हणाले, "सोडून." पण ते इतकं हळू निघालं, की तिला पुन्हा विचारावं लागलं.